किलोभर मटकी आणि दोन बिस्किटं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)

मी कुर्ल्याहून बोलतेय. कुर्ला म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणींना रेल्वेचं टर्मिनस नाहीतर नेहरूनगरचा एसटी डेपो एवढंच ठाऊक असतं. उतरायचं, पुढं जायचं. मी इथं लग्न होऊन आले ती इथंच राहिले. बावीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केली, खिचडी वाटली. माहेर मात्र माणदेशातलं, त्यामुळं मटकी, बाजरी, शेंगा ह्यांतलं मला कळतं. आज बोलायचंय ते एका बिस्किटाबद्दल. बिस्कीट लहान आहे, पण आमच्या घरात त्यावरून दोन दिवस बोलणं चाललं होतं.

गेल्या सरसची गोष्ट. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर ‘उमेद’चं महालक्ष्मी सरस भरतं, ते तुमच्यातल्या कितीतरी गटांना माहीत आहे. तुम्ही आलाही असाल तिथं पापड, मसाले, चटण्या घेऊन. माझी चुलत बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तिच्या गटाची मटकी आणि बाजरीचं पीठ घेऊन आली होती. दिवसभर दुकानावर उभी राहायची आणि रात्री शेअर रिक्षानं माझ्याकडं मुक्कामाला. तिची मुलगीही कुर्ल्यातच असते, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. तिला सात महिन्यांचं बाळ आहे, अंगावर पिणारं. बाळंतपणाची रजा संपली आणि ती परत त्याच संकुलातल्या एका कचेरीत कामाला लागली. साफसफाईचं काम, ठेकेदाराकडून.

आक्का एका दुपारी लेकीला भेटायला म्हणून तिच्या कामाच्या ठिकाणी गेली. जेवणाची वेळ होती. पोरगी जिन्याखाली उभ्यानं चहा पीत होती आणि हातात एक जाडसर बिस्कीट. वरती चकचकीत पाकीट, त्यावर मोठ्या अक्षरांत प्रोटीन. आक्कानं किंमत विचारली. साठ रुपये.

संध्याकाळी आक्का घरी आली ती तोंड पाडूनच. म्हणाली, “अगं, मी किलोभर मटकी इकली की एकशेवीस रुपये येत्यात. त्यात ही दोन बिस्किटं. ह्यात हाय तरी काय एवढं?”

भाचीचं म्हणणं वेगळं. “मावशी, मी अंगावर पाजते. मला प्रोटीन लागतं, सगळे सांगतात. आणि वीस मिनिटांची सुट्टी. डबा गरम करायला जागा नाही, बसायला जागा नाही. मी खाऊ काय?”

दोघींचंही खरं होतं. म्हणून मी पाकीट घेतलं, चष्मा लावला आणि वहीपेन्सिल घेऊन बसले. तेव्हा जे हिशेब केले तेच आज तुम्हाला सांगते.

आधी पाकिटाच्या पाठीमागं काय होतं ते. बिस्कीट पन्नास ग्रॅमचं. त्यात प्रथिनं दहा ग्रॅम. उष्मांक, म्हणजे आपण कॅलरी म्हणतो ते, २३०. बाजारात अशी जी महागातली पाकिटं मिळतात त्यांवर थोड्याफार फरकानं असेच आकडे दिसतात. दोनशे तीस उष्मांक म्हणजे दोन-अडीच पोळ्या, तेल न लावलेल्या. वडापाव तीनशेच्या आसपास जातो. म्हणजे बिस्कीट दिसायला एक असलं तरी ते नाश्त्याएवढं आहे, चहाबरोबर सहज तोंडात टाकायची वस्तू नव्हे.

आता दहा ग्रॅम प्रथिनं हीच फूटपट्टी धरू. तेवढी दुसऱ्या कशातून मिळवायची तर काय पडतं? भाव मी आमच्या कुर्ल्याच्या बाजारातले धरलेत, तुम्ही तुमच्या आठवडी बाजाराचे धरा, तुम्हाला आणखी स्वस्त पडेल.

फुटाण्यांत शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम फुटाणे, दीड मूठ. उष्मांक १८० च्या आतबाहेर. किलो १६० रुपये धरला तरी आठ रुपयांच्या आत. शेंगदाणे चाळीस ग्रॅम लागतात, सहा रुपयांचे. त्यात तेल असतं म्हणून उष्मांक सव्वादोनशेपर्यंत जातात, बिस्किटाइतकेच. मूग किंवा मसूर डाळ चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम, पाच-सहा रुपये, उष्मांक दीडशेच्या आत. दोन अंडी म्हणजे बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं, दीडशे उष्मांक, पंधरा-सोळा रुपये. सोयाबीनच्या वड्या तर वीस ग्रॅम पुरतात, कोरड्या मोजलेल्या, आणि उष्मांक जेमतेम सत्तर. तीन रुपये. आता सोयावड्या घरात सगळ्यांना आवडतात असं नाही, आमच्या ह्यांना वास येतो म्हणतात, पण आकडा आहे तो आहे. म्हशीचं दूध पाव लिटर घेतलं तर नऊ ग्रॅम, पण उष्मांक अडीचशेच्या वर.

आणि आक्काची मटकी. एका किलो मटकीत दोनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्या किलोच्या पैशात जी दोन बिस्किटं आली, त्यांत वीस ग्रॅम. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आक्का काही बोलली नाही. पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली.

पण बिस्किटावर अन्याय नको करायला. ते साध्या बिस्किटांपेक्षा नक्की बरं. आपण चहात बुडवून खातो त्या ग्लुकोज बिस्किटांत शंभर ग्रॅमला प्रथिनं सहा-सात ग्रॅम आणि उष्मांक साडेचारशे. दहा ग्रॅम प्रथिनं त्यातून काढायची तर दीडशे ग्रॅमच्या आसपास बिस्किटं खावी लागतील आणि साडेसहाशे उष्मांक पोटात जातील. क्रीमच्या बिस्किटांचं तर विचारूच नका. म्हणजे एखादी बाई रोज दुपारी क्रीमची बिस्किटं खात असेल आणि तिनं त्याऐवजी हे एक खाल्लं, तर पैसे जास्त गेले पण पोटाचं भलं झालं.

भाचीच्या पिशवीत आणखी एक पाकीट निघालं. स्वस्तातलं, तीस रुपयांचं, पंच्याहत्तर ग्रॅम. त्याच्यावरही प्रोटीनच लिहिलेलं. मागं बघितलं तर शंभर ग्रॅमला प्रथिनं बारा आणि उष्मांक ४८०. म्हणजे अख्खं पाकीट संपवलं तर नऊ ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीनशेवर उष्मांक. घटक वाचले: मैदा, साखर, पामतेल, मग कुठं सोयाचं पीठ. बायांनो, घटक ज्या क्रमानं लिहिलेले असतात तो क्रम वजनाचा असतो. जास्तीत जास्त जे घातलं ते पहिलं. त्यामुळं पहिली तीन नावं वाचली की पदार्थ काय आहे ते कळतं. ह्या दुसऱ्या पाकिटात साधं गोड बिस्कीटच होतं, प्रोटीनचा टिळा लावलेलं.

मग त्याला भरपूर प्रोटीन असं लिहायची परवानगी कशी? तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे दाव्यांबद्दलचे नियम आहेत. घन पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेच्या २० टक्के प्रथिनं असली की भरपूर म्हणता येतं. हिशेब केला तर ते अकरा ग्रॅमच्या आसपास येतं. आता ऐका. आपल्या गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅमला दहा ते बारा ग्रॅम प्रथिनं असतात. बाजरीत अकराच्या जवळ. ज्वारीत दहा. म्हणजे आक्कानं तिच्या बाजरीच्या पिठाच्या पिशवीवर प्रोटीन असं मोठ्यानं छापलं असतं तर ती त्या पाकिटाच्या फार मागं राहिली नसती. नियम मोडलेला नाही, पण नियम पाळून लिहिलेला शब्दही आपल्या डोक्यात भलतंच चित्र उभं करतो.

आणखी एक. काही पाकिटांवर साखर नाही असं असतं. मग गोडी कुठून आली ते बघा. कधी खजूर असतो, तो चांगला, पण त्यातही साखर आहेच. कधी माल्टिटॉलसारखं काही असतं. ते जास्त झालं तर पोटात गुबारा धरतो, जुलाब होतात. लहान पोरांना असली पाकिटं देताना हे ध्यानात ठेवा.

आता भाचीच्या मुद्द्याकडं. तिला प्रथिनं लागतात का? लागतात, आणि जास्तच लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली जे प्रमाण ठरवलं, त्यात ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं सांगितलीत. बाळ सहा महिन्यांच्या पुढं गेलं आणि अजून अंगावर पीत असेल तर वर तेरा. म्हणजे एकोणसाठ-साठ. पहिल्या सहा महिन्यांत तर वर सतरा. एवढी ऐकली की बाई घाबरते आणि पाकीट विकत घेते. पण त्याच तक्त्यात दुसरा रकाना आहे, तो कुणी वाचत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला सहा महिन्यांनंतर दिवसाला ५२० उष्मांक जास्त लागतात. आधीच्या सहा महिन्यांत ६००. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण जेवण जास्त.

आणि माझी भाची काय करत होती? दुपारचं जेवण टाळून २३० उष्मांकांचं बिस्कीट खात होती. चारपाचशे उष्मांक जिथं जायला हवे तिथं निम्मे. मग त्यातली प्रथिनं कुठं जातील? इथं नीट ऐका, कारण सगळ्या बोलण्यातलं हे महत्त्वाचं आहे. शरीराला सगळ्यात आधी इंधन हवं असतं. पोटात पुरेसं अन्न नसेल तर शरीर प्रथिनंच इंधन म्हणून जाळतं. अंग भरायला, दूध तयार व्हायला जी वापरायची ती चुलीत जातात. सागवानाची फळी चुलीत घालण्यातला प्रकार. साठ रुपयांची दहा ग्रॅम प्रथिनं आणि ती गेली सरपण म्हणून.

हे मी माझ्या मनानं सांगत नाही. हे शोधणाऱ्यांतला एक माणूस आपल्याच मुलखातला. सातारा जिल्ह्यातलं बुध गाव, आमच्या माणदेशाला लागूनच. तिथले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११ चा. आकडेशास्त्रातले मोठे विद्वान. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना आहे ना रोमला, तिथं ते १९५१ पासून १९७० पर्यंत आकडेवारीचा विभाग सांभाळत होते. त्या काळात जगभर अशी हाकाटी होती की गरीब देशांतली माणसं प्रथिनांवाचून मरतायत. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांचा एक अहवालच निघाला, प्रथिनांचं संकट येऊ घातलंय म्हणून. मग प्रथिनं घातलेला पाव, प्रथिनांची पावडर, समुद्रातल्या माशांचं पीठ, काय काय योजना निघाल्या. आपल्याकडं म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेनं एक पीठ केलं होतं: तीन भाग शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ आणि एक भाग भाजलेल्या हरभऱ्याचं. आपल्या शेंगदाणे-फुटाण्यांचंच शास्त्रीय रूप म्हणायचं ते.

सुखात्म्यांनी भारतातल्या घराघरांतल्या जेवणाचे आकडे मांडले आणि म्हणाले, बहुतेक घरांत धान्य आणि डाळ पोटभर खाल्ली तर प्रथिनं पुरतात. कमी पडतंय ते एकूण अन्न. अर्धपोटी माणसाला प्रथिनांची पावडर देऊन उपयोग नाही, आधी भाकरी वाढा. हैदराबादला डॉ. सी. गोपालन कुपोषित मुलांवर काम करत होते, तेही ह्याच निष्कर्षाला आले होते. पुढं ह्या दोघांचं दुसऱ्या मुद्द्यांवरून जोराचं वाजलं, तो भाग निराळा. पण ह्या एका गोष्टीत दोघं एका बाजूला होते. १९७४ पर्यंत तर एका ब्रिटिश डॉक्टरानं त्या सगळ्या प्रथिनांच्या धावपळीला मोठी फजिती असं नावच दिलं.

आता पन्नास वर्षांनी तीच हाकाटी परत आलीय, फक्त ह्या वेळी सरकारी अहवालातून नाही, दुकानाच्या फळीवरून.

ह्याचा अर्थ आपल्याकडं सगळं आलबेल आहे असा नाही. नुसती भाकरी आणि ठेचा, नुसता भात आणि पाण्यासारखं कालवण, हे रोजचं असेल तर प्रथिनं कमी पडतातच. आणि घरात डाळ असली तरी ती कुणाच्या ताटात जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. वरण खाली गाळात असतं, वरचं पाणी शेवटी बसणारीच्या वाट्याला. २०१९ ते २०२१ मध्ये जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातल्या दर पाच बायकांत एक वजनानं कमी निघाली, आणि दर चारांत जवळजवळ एक जाड. दोन्ही एकाच राज्यात, कधीकधी एकाच घरात. रक्त कमी असलेल्या तर निम्म्याहून जास्त, शंभरात चौपन्न. त्या रक्ताला बिस्किटातली प्रथिनं पुरी पडणार नाहीत, त्याला लोह लागतं, पालेभाजी लागते, दवाखान्यातल्या लाल गोळ्या लागतात.

म्हणून उष्मांक चांगले की वाईट, हे कोण खातंय त्यावर आहे. माझंच बघा. मी आता घरी असते, चालणं कमी झालंय, वजन वाढलंय, साखर काठावर आहे. मी रोज चार वाजता चहाबरोबर हे बिस्कीट खाल्लं आणि बाकीचं जेवण आहे तसंच ठेवलं, तर महिन्याला सात हजारांच्या जवळपास उष्मांक नुसते वर पडतील. वर अठराशे रुपये. आणि जास्तीची प्रथिनं शरीर साठवून ठेवत नाही, ती जळतात नाहीतर चरबी होतात. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनांचं कुठलंच पाकीट हाताळू नये. २०२४ साली पोषण संस्थेनं खाण्यापिण्याच्या ज्या सूचना काढल्या, त्यात अंग कमावायला प्रथिनांचे पूरक पदार्थ घेणं टाळा असं स्पष्ट म्हटलंय. त्यांचं सांगणं साधं आहे: तीन वाटे धान्य आणि एक वाटा डाळ असं जेवणात धरा. धान्यातल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीतलं कमी धान्यात. भाकरी-उसळ, वरण-भात, खिचडी. आपल्या आज्यांनी हे कुठं वाचलं नव्हतं.

हे सगळं मी आक्काला आणि भाचीला सांगितलं. आक्का खूश झाली. तिला वाटलं, जिंकली. म्हणाली, “आता उद्यापास्नं डबा न्यायचा. मटकीची उसळ आन् भाकरी.”

भाची म्हणाली, “आई, उसळ जिन्याखाली उभ्यानं कशी खायची ते तू मला दाखव.”

आणि इथं मला गप्प बसावं लागलं. बायांनो, इतकी वर्षं मी अंगणवाडीत हेच शिकवत आले की हे खा, ते खा. पण ती काय खाते ते तिच्या आवडीवर ठरलेलं नव्हतं, पैशावरही नव्हतं. पगारातले साठ रुपये ती खर्च करत होती ते वीस मिनिटांसाठी. बिस्किटाला ताट लागत नाही, हात धुवावे लागत नाहीत, सांडत नाही, वास येत नाही म्हणून साहेब लोक नाक मुरडत नाहीत. कंपनीनं हे बरोबर ओळखलंय. आपण तिला नुसतं महाग आहे, महाग आहे म्हणत राहिलो तर ती ऐकून घेईल आणि परत तेच घेईल.

तेव्हा आम्ही तिघी बसलो की उभ्यानं, एका हातानं खाता येईल असं काय. आणि शेवटी जे ठरलं ते इतकं जुनं निघालं की भाची हसली. पंढरपुरी डाळं शंभर ग्रॅम, भाजून सालं काढलेले शेंगदाणे शंभर ग्रॅम, गूळ साठ ग्रॅम. डाळं मिक्सरमधून काढायचं. शेंगदाणे निम्मे भरड, निम्मे अगदी तेल सुटेपर्यंत बारीक. मग किसलेला गूळ घालून परत एकदा फिरवायचं आणि हातानं दाबून दहा लाडू वळायचे. तूप लागत नाही, शेंगदाण्याचं तेलच बांधून ठेवतं. पाकही करायचा नाही. कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस राहतात. एकच जपायचं: शेंगदाणे निवडून घ्या, काळवंडलेला, बुरशी धरलेला, कडू लागणारा दाणा एकसुद्धा नको. तो नुसता चवीला खराब नसतो, त्यातलं विष यकृतावर जातं.

हिशेब केला. एका लाडवात पावणेपाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ११५ उष्मांक. दोन लाडू खाल्ले की साडेनऊ ग्रॅम आणि दोनशे तीस. म्हणजे जवळजवळ तेच बिस्कीट! किंमत दोन लाडवांची सात रुपये. मी भाचीला सांगितलं, तू दोन नाही, तीन खा आणि बरोबर एक केळं. तुला उष्मांक हवेत. माझ्यासाठी एकच, तोही चहातली साखर सोडून.

पण लाडू म्हणजे जेवण नव्हे, हे तिला आणि मलाही ठाऊक. म्हणून दुसरं असं ठरलं की सकाळी निघताना भाकरी-उसळ किंवा दोन अंडी आणि पोळ्या, बसून. त्यासाठी पहाटे बाळाला घ्यायचं काम तिच्या नवऱ्यानं करायचं. हे ठरवायला लाडवांपेक्षा जास्त वेळ लागला. आक्कानं जावयाशी बोलायचं नाकारलं, म्हणाली, बरं दिसत नाही. मीच बोलले. पोरगा चांगला आहे, फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि कामाच्या ठिकाणी बसायला बाकडं मागायचं, ते तिनं आणि तिच्याबरोबरच्या चौघींनी मिळून मागायचं ठरवलंय. अजून मिळालेलं नाही.

बिस्कीट अगदी बंद झालं का? नाही. महिन्यातनं एकदोनदा घेते, रात्री उशीर झाला, लाडू संपले, लोकलमध्ये अडकली की. मी काही बोलत नाही. त्या वेळी ते वडापावपेक्षा वाईट नाही.

आक्काच्या डोक्यात मात्र दुसरंच सुरू झालं होतं. गटातर्फे आपणही प्रोटीनचे लाडू म्हणून विकायचे, पुढच्या सरसला. मी म्हटलं, लाडू जरूर विक, पण पाकिटावर प्रोटीन आणि ग्रॅमचा आकडा असाच छापू नकोस. मी सांगितलेले आकडे तक्त्यावरून काढलेले आहेत, तुझ्या लाडवाचे नाहीत. दावा छापायचा तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून लाडू तपासून घ्यावा लागतो. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा चौदा आकडी नंबर तर पाहिजेच. तोपर्यंत काय काय घातलंय ते क्रमानं खरं लिही: शेंगदाणे, डाळं, गूळ. ज्या बाईला वाचता येतं तिला तेवढ्यात कळतं. पहिल्या तीन नावांत मैदा नाही, पामतेल नाही, एवढं तर दिसेलच.

निघताना नेहरूनगर डेपोवर मी तिला सोडायला गेले होते. एसटीत खिडकीशी बसली आणि पिशवीतून ती दोन रिकामी पाकिटं काढून दाखवली. म्हणाली, “गटाच्या बैठकीत बायकांम्होरं वाचायची हायत. कुणाला तरी वाचता येतंयच.”

तुमच्याही घरात, पोरांच्या दप्तरात अशी पाकिटं असतील. पुढच्या बैठकीला एकेक घेऊन या. मागची बाजू वर करून ठेवा, पहिली तीन नावं वाचा, मग शंभर ग्रॅमचा आकडा आणि पाकिटाचं वजन. काही अडलं तर केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी तीच पाकिटं घेऊन आपण बोलू.